‘वीव्ह’ म्हणजे विणणे, मग स्वेटरवर लाल रेघ काहून?

पऱ्हाटी (आर्णी तालुका, यवतमाळ)

पोरगी आठवीत आहे. इंग्रजीच्या वहीत ‘वीव्ह’ शब्द घालून चार वाक्यं करायची होती. तिनं घरातलंच पाहून लिहिलं. बाबा बाज विणतात, आजी स्वेटर विणते, आई माझी वेणी घालते, कोळी जाळं विणतो. चारही ठिकाणी ‘वीव्ह’. बाज अन् कोळी बरोबर आले, स्वेटर अन् वेणीवर लाल रेघ. काहून म्हणून विचारलं तर उत्तर भेटलं, ‘पाठ कर.’

आता पोरगी मले विचारते. माझं इंग्रजी खताच्या पोत्यावर लिहिलेलं वाचण्यापुरतं. गाइडमध्ये समानार्थी म्हणून निट, ब्रेड, प्लेट, इंटरलेस, एन्टवाइन, स्पिन असे शब्द एका ओळीत दिले आहेत. समानार्थी आहेत तर मग चुकलं कुठं? अन् ब्रेड म्हणजे पाव ना? प्लेट म्हणजे ताटली?

धोटा (मोहाडी तालुका, भंडारा)

भाऊ, पाव वेगळा. वेणीचा शब्द ‘ब्रेइड’ असा लांबवून म्हणायचा. अन् ती ताटलीही नाही, इंग्रज तो शब्द ‘प्लॅट’ म्हणतात. अर्थ तोच, वेणी घालणे. गाइड छापणाऱ्यानं अक्षर पाहून उच्चार लिहिला असेल.

आमचं घर कोष्ट्याचं. मी शाळेत असताना कांड्या भरायचो, नंतर बरीच वर्षं स्वतः मागावर बसलो. आता किराणा आहे, पण माग काय असतो ते हातालाच माहीत आहे, म्हणून सांगतो. ‘वीव्ह’ म्हणायला दोन तऱ्हेचे धागे लागतात. एक ताणा, उभा, आधीच ताणून बसवलेला. दुसरा बाणा, तो धोट्यातून, म्हणजे सुताची कांडी बसवलेल्या लाकडी होडीतून, आडवा जातो, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. पायाखालची पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर, अर्धे खाली. मधून धोटा फेकायचा, फणीनं ठोकायचं, दुसरी पावडी. तुमची बाज तशीच. दोरी एकीकडून ताणून घेता अन् दुसरीकडून तिच्या वर-खाली काढता. टोपलं, सूप, तट्टा, सगळ्यात उभ्या कमच्या अन् आडव्या कमच्या. म्हणून ते ‘वीव्ह’.

स्वेटरमध्ये ताणाही नाही, बाणाही नाही. एकच लोकर, दोन सुया, फासातून फास. त्याला ‘निट’. पोरीला वाद नको असेल तर जुना स्वेटर घ्या अन् शेवटचं टोक ओढा. सरसर उसवत जातो, पुन्हा गुंडी करता येते. लुगड्याचा धागा ओढून पाहा, एक धागा निघेल, बाकीचं लुगडं जागच्या जागी. आपण दोन्हीला विणणंच म्हणतो, म्हणून पोरगी चुकली. मराठीत तिचं काहीच चुकलं नाही, हे तिला आधी सांगा.

वेणीत पेड तीन. त्यात ताणा कोणता अन् बाणा कोणता, सांगा पाहू? प्रत्येक पेड आळीपाळीनं मधे येतो. म्हणून तिला वेगळा शब्द. मजा म्हणजे मराठीतही वेणी कोणी ‘विणत’ नाही, ‘घालतात’. तिथं मात्र पोरीनं मराठीचंही ऐकलं नाही.

गाइडमधल्या ओळीत ‘स्पिन’ कशाला घुसला देव जाणे. ते कातणं. कापसाचं सूत होतं ते ‘स्पिन’, सुताचं कापड होतं ते ‘वीव्ह’. कोळ्याच्या बाबतीत मात्र दोन्ही चालतात, कारण तो धागा अंगातून काढतो अन् जाळंही स्वतःच करतो. त्याचं इंग्रजी नावच, ‘स्पायडर’, त्या ‘स्पिन’वरून आलं.

अजून एक शब्द गाइडात नसेल, ‘इंटरलॉक’. आमच्याकडं टसरची करवत काठी साडी होते. काठावर करवतीचे दात, म्हणून ते नाव. तिला तीन धोटे लागतात, मधल्या अंगाचा एक अन् दोन काठांचे दोन. अंगाचा बाणा अन् काठाचा बाणा जिथं भेटतात, तिथं एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. हे नुसतं वरून-खालून नाही, हे अडकवणं. हात घाईत असला की तिथंच चुकतो अन् दात वाकडा येतो. त्या दातांपायी मी म्हाताऱ्याच्या शिव्या लय खाल्ल्या.

तिफण (हिंगणघाट)

धोटाभाऊंनी कापड सांगितलं, मी व्याकरण सांगतो. भूतकाळ ‘वोव्ह’, तिसरं रूप ‘वोव्हन’. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे, गर्दीतून नागमोडी वाट काढत जाणे. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली अन् एखादा पोट्टा मोटरसायकल डावी-उजवी करत पुढं निघाला, तर तेही ‘वीव्ह’. तिथं भूतकाळ ‘वीव्हड’ होतो. परीक्षेत हा फरक विचारतात.

आणि धोटा म्हणजे ‘शटल’. इकडून तिकडं, तिकडून इकडं जाणारी शटल बस त्यावरूनच. बाण्याचा ‘वेफ्ट’ अन् जाळ्याचा ‘वेब’ हे दोन्ही ‘वीव्ह’चे सख्खे भाऊ.

सुगरणीचा खोपा (गोंदिया)

धोटाभाऊंचा नियम चांगला आहे, पण तेवढा पक्का नाही. केसांत फुलं गुंफली, तरी इंग्रजीत ‘वीव्ह’ चालतो. गोष्ट रचली तरी चालतो. तिथं कुठला ताणा अन् कुठला बाणा? आपल्याकडं त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. फुलं गुंफायची, मणी ओवायचे, दोरी वळायची, गोष्ट रचायची. दोरी वळणं म्हणजे ‘ट्विस्ट’, त्याला ‘वीव्ह’ लिहिलं तर परत लाल रेघ. आणि तुराट्यांचा कुड आपण ‘बांधतो’, पण इंग्रज तसल्या कुडालाही विणलेला म्हणतात. दोन्ही भाषांचे बांध एकाच जागी नाहीत, एवढंच.

आमच्या विहिरीवरच्या बाभळीला दरवर्षी खोपे लागतात. इंग्रजीत त्या पाखराचं नाव ‘वीव्हर’. आपण म्हणतो सुगरण, जशी काही बाईच. अन् खोपा विणतो तो नर! मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. स्वेटर ओढून पाहिला. आजीचा जुना, कोपराला फाटलेला होता, तरी आजी ओरडलीच. बाहीच्या टोकापासून कोपरापर्यंत उसवला. पोरीनं वहीत दुरुस्ती केली, ‘निट’ अन् ‘ब्रेइड’. ‘निट’च्या आधी ‘के’ लिहायचा अन् तो बोलायचा नाही, यावर ती अजून चिडलेली आहे.

धोटाभाऊ, बाजेचंही पाहिलं. पायथ्याकडं ताणायला जी दोरी ठेवतो, ती विणत नाही, नुसती ओढतो. तिला इंग्रजीत काय म्हणत असतील?

धोटा

ते मले ठाऊक नाही भाऊ. पण आज रात्री झोपायच्या आधी ओढून घ्या, पावसाळ्यात ढिली पडते.