शब्दचर्चा : ‘नो फ्लाय’ला मराठीत काय म्हणायचं? (विमानात न बसणाऱ्यांसाठी)

सीमाभागी (बेळगाव)
मंडळी, एका शब्दाला अडलोय. माझा एक दोस्त शनिवार-रविवार दहा-बारा जणांना टेंपो ट्रॅव्हलरनं आंबोली घाट उतरून तारकर्लीला स्कुबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून समुद्रात बुडी मारायला, नेतो. रविवारी सकाळी शेवटची बुडी, दुपारी मासे-भात, रात्री परत बेळगाव. त्याचं सूचनापत्रक मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडं आलं. हल्ली येणाऱ्यांतल्या दोघा-तिघांच्या मनगटावर अ‍ॅपल वॉच अल्ट्रासारखं घड्याळ असतं आणि तेच ‘डाइव्ह कम्प्युटर’ (बुडीची खोली, वेळ आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं यंत्र) म्हणून ते वापरतात. म्हणून पत्रकात घड्याळाचं एक पान आहे.

‘डाइव्ह कम्प्युटर’ला मी ‘बुडी-संगणक’ लिहिलं. दोस्त म्हणाला, बुडीत खात्याचा हिशेब ठेवणारा वाटतोय. असू दे. खरी गोची पुढं आहे. बुडी संपली की घड्याळावर ‘नो फ्लाय’ म्हणून तास उलटे मोजत येतात. मी लिहिलं, ‘विमानप्रवास-बंदी’. कच्चा मसुदा दोस्ताच्या मामांना वाचायला दिला. त्यांनी ते पान उलटून टाकलं. म्हणाले, “हे आम्हाला नव्हं, आम्ही गाडीनं जाऊलालोय.”

खरं त्यांना लागू आहे! पाण्याखाली जास्त दाबानं अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा. त्याआधी उंचावर, म्हणजे कमी हवेच्या दाबात गेलात की तो बुडबुडे धरतो. विमान हे त्यातलं एक निमित्त. बुडीनंतर विमानाचे जे नियम सांगतात (एका साध्या बुडीनंतर १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर १८) ते २,००० फुटांपासून लागू धरतात. आंबोली ६९० मीटर, म्हणजे २,२०० फुटांच्या वर. बेळगाव त्याहून थोडं उंच. म्हणजे आमचं घरच ‘विमानात’ आहे. सांगा, काय लिहू?

निपाणीकर
घाटबंदी. झालं काम.

निवृत्त_मास्तर
‘घाटबंदी’ म्हटलं की दरड कोसळून घाट बंद झाल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात पेपरात तोच मथळा असतो. ‘आरोहण-निषेध’ असावं. नेमका, सार्थ शब्द.

निपाणीकर
मास्तर, ‘आरोहण-निषेध’ वाचून मामा पान उलटणार नाहीत, पत्रकच टाकून देतील.

कारवारकडचा
आमच्याकडं मुरुडेश्वरहून बोटीनं नेत्राणी बेटाला जातात, तिथं ही अडचण नाही, किनाऱ्यावरच मुक्काम. घाट चढून परत जाणाऱ्यांचंच हे दुखणं. मुळात ‘बुडी’ शब्दच मला पटत नाही. ‘बुडणं’ म्हणजे जीव जाणं. बँक बुडते, शाळा बुडवतात, दिवस बुडतो. यातलं काही चांगलं आहे का? ‘गोता’ म्हणा. गोता-घड्याळ.

शहापुरातली_सून
गोता हिंदी वाटतो.

कारवारकडचा
ताई, ‘गोते खाणं’ मराठीच आहे की. आणि पतंग कन्नी सुटला की ‘गोत’च मारतो. तुमच्या शहापुरात संक्रांतीला काय म्हणत होते?

शहापुरातली_सून
पतंगापुरतं ठीक. माणूस गोते खातो तेव्हा तो फजिती होऊन परत येतो. आणि ‘बुडी मारली’ हे विहिरीवरचं खरं बोलणं आहे. माझे सासरे सांगायचे, काकतीकडच्या विहिरीत सूर मारायचे, मुटका मारायचे, आणि जो तळातून मूठभर गाळ काढून आणील तो खरा बुडीवाला. तळाला कान दुखायचे, ते मात्र कुणी सांगायचं नाही.

सीमाभागी
ताई, कान दुखण्यामागचं कारण पत्रकात आहे. दहा मीटर पाण्याखाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणजे कान तीन-चार मीटरलाच बोंब मारतात. विहिरीत ते पाच-सहा सेकंदांत होऊन जायचं, म्हणून नायट्रोजनचा प्रश्न नव्हता. स्कुबात तळाशी अर्धा-पाऊण तास राहतो माणूस.

खानापूरचा_रानवाट
खोलीवरून आठवलं. विहीर खोल किती? आमच्याकडं ‘परसा’त सांगतात. “चार परस पाणी आहे.” परस म्हणजे पुरुष, हात वर करून उभा माणूस. सूचनापत्रकात मीटर कशाला? ‘परस’ घाला.

कारवारकडचा
किनाऱ्यावर परस चालत नाही. आमचे मासेमार ‘वाव’ म्हणतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फूट धरा. हे घड्याळ घालून बुडी मारायची मर्यादा ४० मीटर आहे ना? ती जवळजवळ २२ वाव. नवशिक्यांना १८ मीटर, म्हणजे दहा वाव. बघा, किती सुबक बसतं.

खानापूरचा_रानवाट
तो माणूस उभा, हा माणूस आडवा. एकाच विहिरीला दोन माणसं.

निवृत्त_मास्तर
‘वाव’ संस्कृत ‘व्याम’वरून. आता ‘घड्याळ’ या शब्दाकडं वळू, कारण सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नाही. घड्याळ म्हणजे बुडण्याचंच यंत्र! घटिकापात्र आठवा. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक, पाण्याच्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी आत येऊन चोवीस मिनिटांनी वाटी बुडते, ती एक घटका. ‘घटका भरली’ तिथूनच. लग्नात माझ्या आजोबांनी घंगाळाजवळ बसून वाटीकडं डोळे लावलेले मी पाहिलेत. एक आत्या शेजारी बसून कुणी हात लावतंय का हे बघायच्या. वाटी बुडाली की भटजींना हाक, “बुडाली!” म्हणून माझा प्रस्ताव : पाण्यात चालणाऱ्या घड्याळाला ‘घटिका’च म्हणावं.

शहापुरातली_सून
मास्तर, हे मला फार आवडलं. पण माणूस पाण्यात असताना ‘घटका भरली’ असं घड्याळानं सांगितलं तर घरचे काय म्हणतील?

निपाणीकर
😄 हे पत्रकात घालाच.

चिक्कोडीचा
घड्याळ संस्कृतातून आलं हे कोण म्हणालं? कन्नडात ‘गडियार’ आहे. आपल्या ‘तूप’, ‘अण्णा’, ‘अक्का’ यांसारखं तेही तिकडून आलेलं असावं. शिवाय कन्नडात ‘गडी’ म्हणजे सीमा. गडियार म्हणजे दिवसाच्या सीमा मोजणारं. आपल्या सीमाभागाला याहून चांगला शब्द कुठला?

निवृत्त_मास्तर
‘गडी’चा आणि ‘गडियार’चा काही संबंध नाही. दोन्ही भाषांना ते घटिकेकडूनच आलंय.

चिक्कोडीचा
कानाला संबंध आहे की.

निवृत्त_मास्तर
कानाला तर ‘घडी’ म्हणजे कपड्याची घडीही संबंधित आहे.

सीमाभागी
मंडळी, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला अजून अवकाश आहे, वाद तेवढ्यापुरता राहू दे. माझं पत्रक बुधवारी छापायला जायचंय.

गोव्याहून_वाचतोय
मी डाइव्ह करतो, म्हणून एक सांगतो. घड्याळ हे नाव लोकांना फसवतं. खोली आणि वेळ दाखवणं वेगळं, हिशेब ठेवणं वेगळं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अल्ट्रा आलं तेव्हा त्यातलं साधं ‘डेप्थ’ अ‍ॅप खोली, पाण्यातला वेळ आणि तापमान दाखवायचं. डाइव्ह कम्प्युटर म्हणून वापरायचं तर ‘ओशनिक प्लस’ हे अ‍ॅप लागतं. ते ब्यूलमन या स्विस डॉक्टरांच्या पद्धतीनं गणित करतं. शरीराचे सोळा कप्पे धरून प्रत्येकात किती नायट्रोजन मुरला आणि किती निघाला याचा अंदाज. म्हणून नुसतं ‘खोलीमापक’ लिहिलं तर चूक, कारण जो फक्त खोली बघून खाली राहील तो हिशेब चुकवील.

आणि ४० मीटरची मर्यादा ही मौजेसाठी बुडी मारणाऱ्यांची वरची हद्द आहे. घड्याळाच्या पेटीवर १०० मीटर लिहिलेलं असतं, ते १०० मीटर खोल जायला नव्हे.

निपाणीकर
हां! हे मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या घड्याळावर ‘५० मीटर’ होतं, म्हणून ते घालून विहिरीत मुटका मारला. दुसऱ्या दिवशी काचेखाली दंव. दुकानदार म्हणाला, तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा, मुटक्याचा नव्हे.

गोव्याहून_वाचतोय
बरोबर सांगितलं त्यानं. आणखी, पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून ती बंद असते. बाजूचा गोल खुंटा आणि बटणं वापरायची. सांगायचं काही असेल तर घड्याळ मनगटावर थरथरतं. पाण्यात ब्लूटूथ जात नाही, जीपीएसही नाही. सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते अल्ट्रा सांगत नाही, त्यासाठी वेगळा काटा लागतो. पत्रकात हे आलं पाहिजे.

शहापुरातली_सून
‘हिशेब ठेवतं’ म्हणालात त्यावरून : आमच्या पेठेतल्या दुकानदारांकडं कीर्द आणि खतावणी असते. कीर्दीत दिवसाचा व्यवहार, खतावणीत खात्यावर किती उधारी. हे घड्याळ नायट्रोजनची खतावणी ठेवतं. खाली जाताना उधारी घेतली, वर येताना फेडायची, हळूहळू. आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात ना, तो हप्ता.

सीमाभागी
ताई, हे मामांना एका वाक्यात कळेल! ‘उधारी फिटेपर्यंत घाट चढू नका.’

निवृत्त_मास्तर
उधारी घाटाखालीच फेडायची का? आणि घाटावर येऊन फेडली तर? शब्दाचं रूपक झालं की प्रश्न सुरू होतात. ‘चढबंदी’ही चालेल, नाही तर ‘आरोहण-निषेध’.

कारवारकडचा
मी एवढंच म्हणतो, पाच मीटरवर थांबणं याला ‘सुरक्षा थांबा’ लिहू नका, एसटीचा थांबा वाटतो. ‘दम खाणं’ लिहा. दम म्हणजे श्वासही आणि सबुरीही.

निपाणीकर
पाण्याखाली दम खा म्हटलं तर ऐकणारा घाबरेल.

चिक्कोडीचा
‘चढबंदी’ला पाठिंबा. कन्नडात...

सीमाभागी
अण्णा, एक मिनिट. ‘चढबंदी’ मला आवडतं, पण मामांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “चढ म्हणजे जिना चढायचा नाही का?” त्यांचा गुडघा दुखतो, त्यांना ती सोय वाटली. शेवटी पत्रकात मी असं लिहायला घेतलंय : ‘घड्याळावर नो फ्लाय दिसत असेल तोवर आंबोली घाट चढू नका, मालवणातच राहा. तासांबद्दल शंका असेल तर शिक्षकांना विचारा.’ म्हणजे शब्द इंग्रजीच राहिला आणि अर्थ मराठीत आला. दोस्त म्हणतो, मग रविवारी रात्री परत कसं येणार? त्याची मजबुती कळते, सोमवारी सगळ्यांची कामं असतात. मी म्हणालो, ते तुझं तू बघ, शनिवारी बुड्या उरकून घे.

खानापूरचा_रानवाट
आणि परस की वाव, ते ठरलं का?

सीमाभागी
मीटर ठेवलेत.

खानापूरचा_रानवाट
हे बरं नाही झालं.

निवृत्त_मास्तर
‘मजबुती’ इथं चुकलं. तुम्हाला ‘मजबुरी’ म्हणायचं असावं.

सीमाभागी
होय की मास्तर. कुणीतरी पकडणारच होतं.