आसन्न, सन्निकट की नुसतं ‘अंदाजे’?

विचारणा : टेलर बहुपदीवर (फलनाची, म्हणजे फंक्शनची, एका बिंदूपाशी जवळपासची किंमत देणारी बहुपदी) पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. ‘अप्रॉक्सिमेट’साठी शब्द हवाय. ‘फलनाची अंदाजे किंमत’ लिहिलं तर चालेल ना? ‘आसन्न किंमत’ही वाचलंय, पण आसन्न म्हटलं की आसन्नमरण आठवतं, आणि मुलं हसतील.

उत्तर : हसू देत, पण ‘अंदाजे’ नको. अंदाज कितीने चुकेल ते आधी कोणी सांगत नाही (अंदाजपत्रकं बघा!). इथे ते सांगता येतं. शून्यापाशी साइन क्ष साठी क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० घ्या. ३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन. पहिल्या दोन पदांत ०.४९९६७ मिळतं, तिसरं घेतलं की ०.५००००२. खरी किंमत ०.५. पुढचं पद क्ष⁷/५०४०, आणि चूक त्याहून मोठी असू शकत नाही. याला अंदाज कसं म्हणायचं?

आणखी एक : ‘आसन्न’ला पाठबळही जुनं आहे. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात व्यास २०,००० असेल तर परिघ ६२,८३२ दिलाय, म्हणजे पाय (π) ३.१४१६, आणि तिथे शब्द आहे ‘आसन्नो वृत्तपरिणाहः’. वरची बहुपदी ज्या श्रेढीची (सिरीजची) सुरुवात आहे, ती साइनची श्रेढी केरळात माधव या गणितज्ञाच्या नावे चौदाव्या शतकापासून सांगतात. टेलरचं पुस्तक १७१५ चं. ‘सन्निकटन’ हिंदी पाठ्यपुस्तकांतलं, अर्थाने चूक नाही, पण आपल्याकडे रुळलेलं नाही.

उत्तर : आसन्न म्हणजे जवळचं, तेव्हा कशाच्या जवळ ते वाक्यात यायलाच हवं. ‘साइनची टेलर बहुपदी’ एवढं अर्धवट आहे. ‘शून्यापाशी घेतलेली, पाचव्या घातापर्यंतची’ असं लिहा. तीच बहुपदी १८० अंशांना वापरलीत तर शून्याऐवजी ०.५२४ येईल. बहुपदी आणि श्रेढी यांचीही सरमिसळ नको. बहुपदी कुठेतरी थांबते, श्रेढी थांबत नाही. लॉग(१+क्ष) ची शून्यापाशची श्रेढी क्ष = २ ला कितीही पदं घेतली तरी जवळ येत नाही, उलट लांब पळते.

विचारणा : पटलं. मग रिमेंडरला, म्हणजे खरी किंमत आणि बहुपदीची किंमत यांतल्या फरकाला, ‘बाकी’ म्हणू?

उत्तर : बाकी म्हटलं की मुलं भागाकार करायला बसतील. शेषपद लिहा. वर्गात बोलताना खुशाल रिमेंडर म्हणा, सगळे तेच म्हणतात.