‘वेतनवाढ’ आणि ‘पुनर्रचना’ : एका शब्दाखाली किती अर्थ?

प्रश्न

मी मुंबईत मुद्रितशोधनाचे काम करते. राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांचे वेतन आणि विधानसभा मतदारसंघांच्या बदललेल्या सीमा या विषयांवरील दोन लेख नुकतेच माझ्याकडे तपासायला आले. पहिल्या लेखात ‘वेतनवाढ’ हा शब्द तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा निघत होता. दुसऱ्या लेखात ‘पुनर्रचना’ आणि ‘परिसीमन’ हे शब्द आलटून पालटून वापरले होते. हे शब्द समानार्थी मानावेत का? पगार, वेतन आणि मानधन यांच्यातही काटेकोर भेद पाळावा का?

उत्तर

माझी बहुतेक नोकरी लेखाशाखेत वेतन देयके तयार करण्यात गेली, म्हणून पगारापासून सुरुवात करतो.

‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि मराठीत इतका मुरला की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याआधी पेशवाईच्या कागदपत्रांत ‘रोजमुरा’ होता. ‘वेतन’ मात्र फार जुना. पाणिनीच्या ‘वेतनादिभ्यो जीवति’ या सूत्राने वेतनावर जगणारा तो ‘वैतनिक’ ठरतो, आणि त्याच शब्दाचे ‘अवैतनिक’ हे रूप आपण आजही रोज वापरतो.

व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाचा भेद वापरातला आहे. घरात आपण ‘पगार झाला’ म्हणतो तेव्हा कपाती वजा जाऊन हातात पडलेली रक्कम डोळ्यांपुढे असते. सेवा नियमांतल्या ‘वेतन’ या शब्दात महागाई भत्ता किंवा घरभाडे भत्ता येत नाही. उपजिल्हाधिकाऱ्याचे पद एस-२० या वेतनस्तरात आहे आणि त्या स्तराची सुरुवात ५६,१०० रुपयांपासून होते. स्पर्धा परीक्षेच्या निकालानंतर ‘५६,१०० रुपये पगार’ असे छापून येते, ते चुकीचे आहे. ते मूळ वेतन आहे. महागाई भत्ता ५० टक्के असताना त्यात २८,०५० रुपयांची भर पडून रक्कम ८४,१५० होते, आणि घरभाडे भत्ता त्याहून वेगळा.

आता ‘वेतनवाढ’. हाच अधिकारी वर्षभराच्या सेवेनंतर ५६,१०० वरून ५७,८०० वर जातो, ही १,७०० रुपयांची वार्षिक वाढ म्हणजे खरी वेतनवाढ. कार्यालयात तिला सर्रास ‘इन्क्रिमेंट’ म्हणतात. वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार साऱ्या श्रेणीच बदलतात, ती वेतनसुधारणा. महाराष्ट्रातले सुधारित वेतन नियम २०१९ मध्ये निघाले आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू धरले गेले. त्या वेळी जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणून प्रत्येकाची नव्या तक्त्यात जागा ठरवली, ती वेतननिश्चिती. तिसरी गोष्ट महागाई भत्त्यातली वाढ, जिला वर्तमानपत्रे बिनदिक्कत ‘वेतनवाढ’ म्हणतात.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण इथे नुसता शब्द चुकत नाही, हिशेबही चुकतो. १ जानेवारी २०२४ पासून राज्य कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ४६ वरून ५० टक्के झाला. ‘भत्त्यात ४ टक्के वाढ’ असा मथळा शब्दशः घेतला तर ५६,१०० मूळ वेतनावरच्या २५,८०६ रुपये भत्त्याचे ४ टक्के, म्हणजे सुमारे १,०३२ रुपये वाढले असे होईल. प्रत्यक्षात वाढले २,२४४ रुपये, कारण ते ४ टक्के भत्त्याचे नसून मूळ वेतनाचे आहेत. म्हणून ‘४६ टक्क्यांवरून ५० टक्के’ असेच लिहावे. त्यात दोनच शब्द वाढतात आणि वाचकाची फसगत टळते.

‘मानधन’ हा तर सर्वांत नाजूक शब्द आहे. अंगणवाडी सेविकांना मिळणाऱ्या रकमेला शासन मानधन म्हणते आणि त्या एका शब्दाच्या आधारे त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) नाकारले जात होते. गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निकाल दिला की हे मानधन १९७२ च्या उपदान कायद्यातील ‘वेतन’ या संज्ञेत बसते. शब्दाच्या निवडीने माणसाच्या म्हातारपणाची तरतूद अडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भेद किरकोळ वाटणार नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मतदारसंघांविषयी मी लिहिते.

आमचे घर नायगावच्या बीडीडी चाळीत. आईच्या जुन्या मतदार ओळखपत्राच्या मागच्या बाजूला विधानसभा मतदारसंघ ‘नायगाव’ असा छापलेला आहे. माझ्या ओळखपत्रावर ‘वडाळा’ आहे. खोली तीच, जिना तोच, मतदारसंघ वेगळा. मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरवणाऱ्या, म्हणजे परिसीमनाच्या, २००८ च्या आदेशाने नायगाव, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, उमरखाडी, खेरवाडी ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली आणि २००९ ची निवडणूक नव्या सीमांवर झाली.

या बदलाला ‘पुनर्रचना’ म्हणणे चूक नाही, पण त्या शब्दाखाली निदान तीन वेगळी कामे झाकली जातात. पहिले काम कोणत्या राज्याला किती जागा हे ठरवण्याचे. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने थांबवले गेले आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबलेले राहिले. म्हणूनच २००८ नंतरही महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा तशाच राहिल्या. दुसरे काम त्याच जागा राज्यांतर्गत लोकसंख्येप्रमाणे फिरवण्याचे आणि सीमा नव्याने आखण्याचे. तिसरे, राखीव जागा ठरवण्याचे.

मुंबईने दुसऱ्या कामाचा परिणाम अंगावर घेतला आहे. पूर्वी शहरात १७ आणि उपनगरांत १७ अशा ३४ जागा होत्या. २००१ च्या जनगणनेच्या आधारे शहरात १० आणि उपनगरांत २६, म्हणजे एकूण ३६ झाल्या. गिरण्यांचा, चाळींचा भाग आकसला आणि वस्ती बोरिवली, मालाडकडे सरकली, हे या आकड्यांतून दिसते. एखाद्या लेखात नुसते ‘मुंबईत पुनर्रचना झाली’ असे वाक्य आले तर यातले काहीही वाचकापर्यंत पोहोचत नाही.

माझे मत असे : राज्यांमधील जागांसाठी ‘जागांची फेरवाटणी’ आणि सीमा आखण्यासाठी ‘सीमानिश्चिती’ हे शब्द वापरावेत. ‘पुनर्रचना’ हा शब्द संपूर्ण प्रक्रियेसाठी राखावा. १९५६ च्या ‘राज्य पुनर्रचना’ कायद्यामुळे या शब्दाला मराठी मनात फार मोठा अर्थ चिकटलेला आहे, म्हणून त्याच्याआधी ‘मतदारसंघ’ हा शब्द न विसरता लावावा.

शंका

‘परिसीमन’ हा शब्द मग पूर्णपणे टाळावा का? तो हिंदी वृत्तवाहिन्यांतून आल्यासारखा वाटतो. आणि महानगरपालिकेच्या बाबतीत ‘प्रभागरचना’ की ‘वॉर्डरचना’?

उत्तर

‘परिसीमन आयोग’ हे संस्थेचे नाव म्हणून ठेवावे, नावाचे भाषांतर करू नये. वाक्यात क्रिया सांगायची असेल तेव्हा ‘सीमानिश्चिती’ कानाला सहज पटते आणि तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. संस्कृतातून आलेला शब्द मराठीला परका नसतो, तेव्हा ‘परिसीमन’ला माझा विरोध तो हिंदीत आहे म्हणून नाही. ‘सीमा आखणे’ हा साधा अर्थही तो वाचकापासून दूर ठेवतो, ही माझी तक्रार आहे.

प्रभागाच्या बाबतीत मुंबईत विशेष काळजी हवी, कारण इथे ‘वॉर्ड’ म्हणजे दोन निराळ्या गोष्टी. दादरचा माणूस ‘जी-उत्तर वॉर्ड’ म्हणतो तेव्हा तो पालिकेच्या प्रशासकीय विभागाविषयी बोलत असतो, जिथे तो पाण्याची तक्रार नोंदवतो. नगरसेवक निवडून येतो तो क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या निवडणूक प्रभागातून. २०१७ मध्ये असे २२७ प्रभाग होते आणि ते २३६ करण्याचा बदल पुढे मागे घेण्यात आला. तेव्हा निवडणुकीसाठी ‘प्रभाग’ आणि ‘प्रभागरचना’, कार्यालयासाठी ‘विभाग’. ‘वॉर्ड’ बोलण्यात राहू द्यावा, पण लिहिताना तो कुठल्या अर्थाचा हे पहिल्याच उल्लेखात सांगावे.