उघड्या काँक्रीटची डागडुजी: ठिगळ दिसू नये म्हणून काय करावं?

ओळंबा: 1960-70 च्या दशकांतल्या अनेक विद्यापीठ इमारतींचं काँक्रीट गिलाव्याविना उघडंच असतं, फळ्यांच्या शटरिंगचा ठसा हाच त्यांचा चेहरा. कडांचे पोपडे सुटून सळया दिसायला लागल्या तर सिमेंट भरून वरून रंग मारला की भागतं का?

थापी: नाही भागत. चांगल्या काँक्रीटचा पीएच (अल्कतेचं माप) 12.5 च्या आसपास असतो, त्यात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जाऊन पीएच 9 च्या खाली आला की ओल लागताच ती गंजते. गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडतो. दर्शनी भागातल्या उभ्या पातळ पट्ट्यांच्या कडांवर कव्हर मुळात कमी, म्हणून तिथूनच सुरुवात.

आधी हातोडीने ठोकून बद्द वाजणारा भाग खडूने आखा. ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन (पीएचनुसार रंग बदलणारं रसायन) टाका: गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत पीएच उतरला, म्हणजे तेवढी खोली गेली. कडा कटरने 10 मिमी काटकोनात कापा. निमुळती कड ठेवलीत की ती हमखास उखडते. सळईच्या मागेही 20 मिमी मोकळं करा, गंज पूर्ण घासा, मग पॉलिमर मॉर्टर थरांत भरा. बरीच कामं बिघडतात ती क्युरिंगमध्ये, म्हणजे मॉर्टर पुरेसे दिवस ओलं न ठेवल्याने.

खडीवाळू: थापींच्या म्हणण्यात एक भर. नव्या ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण ठिगळालगतच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्षार (क्लोराइड) असले तर तिथे गंज उलट वेगाने चढतो. क्षारांची चाचणी टाळू नका.

ओळंबा: आणि गेलेली खोली 22 मिमी, कव्हर 15 असेल तर?

थापी: मग पोपडे न सुटलेल्या जागीही सळईचं संरक्षण गेलेलंच आहे. नुसती ठिगळं पुरणार नाहीत, पाणी अडवणं हाच पहिला उपाय: गच्चीचे पन्हळ, छज्जांखालची पाणपट्टी (पाणी भिंतीकडे न वळता खाली गळावं म्हणून ठेवलेली खाच). सिलेन (काँक्रीटमध्ये मुरणारं जलरोधक रसायन) पाणी अडवतं, पण कार्बन डायऑक्साइड नाही.

खडीवाळू: दिसण्याचं म्हणाल तर नमुन्याचे तुकडे ओतून वाळल्यावरच रंग जुळवा, ओलं मॉर्टर फसवतं. अमेरिकी वास्तुकार पॉल रुडॉल्फच्या येल विद्यापीठातल्या 1963 च्या इमारतीत भिंतीच्या उभ्या कंगोऱ्यांच्या कडा हातोड्याने फोडून खडी उघडी केली आहे. अशा पृष्ठभागावर ठिगळातही तशीच खडी हवी आणि ती हातानेच फोडावी लागते. थापी फिरवून गुळगुळीत केलेला चौकोन दुरूनही ओळखू येतो.