कॅटापल्ट: दांडा खाली अडवला तर चेंडू आणखीच वर जातो! (मदत हवी आहे)

मुलगी सातवीत आहे. विज्ञान प्रकल्पासाठी तिने कॅटापल्ट घेतलंय. अट अशी: उडवलेला चेंडू दोन मीटरवरच्या टबात पाचपैकी तीनदा पडला पाहिजे, आणि कुठल्याही एका गोष्टीचा अंतरावर काय परिणाम होतो ते मोजून वहीत आलेख काढायचा. आठ दिवस उरलेत. यंत्र तयार आहे, पण ते आमचं ऐकत नाही.

रचना सांगते. एका फळीवर दोन उभे खांब. खांबांच्या तळाशी आडवी पेन्सिल, आणि तिच्याभोवती फिरणारी ३० सेंमीची लाकडी पट्टी, हाच दांडा. पट्टीच्या टोकाला बाटलीचं झाकण चिकटवलंय, त्यात पिंगपाँगचा चेंडू. पट्टीच्या मध्यापासून खांबांच्या डोक्यापर्यंत दोन रबरबँड. पट्टी मागे ओढून सोडली की झाकण वर येतं.

आधी पट्टीला अडवायला काहीच नव्हतं, तेव्हा चेंडू समोरच जमिनीवर आपटायचा. मग खांबांमागे एक आडवी काडी बांधली, म्हणजे पट्टी तिच्यावर आपटून थांबेल. आता चेंडू उंच जातो आणि टबाच्या बराच अलीकडे पडतो. आम्ही विचार केला, पट्टी आणखी खाली अडवली की चेंडू सपाट जाईल. काडी खाली सरकवली, तर साहेब थेट छताकडे! काल दहा वेळा उडवला. सर्वांत जवळ ९५ सेंमी, सर्वांत लांब १६०. यात मेळ कसा बसवायचा? रबर वाढवून बघू का?

करवत
रबर नका वाढवू. जोर पुरेसा दिसतोय, दिशा चुकलीय.

तुमचा गैरसमज बहुतेकांचा असतो. पट्टी जिकडे रोखलेली असते तिकडे चेंडू जात नाही, पट्टीशी काटकोनात जातो. गोफण आठवा. दगड सुटतो तो दोरीच्या रेषेत नाही, दोरीला आडवा. इथेही तेच. पट्टी जमिनीशी २५ अंशांवर अडली तर चेंडू ९० वजा २५, म्हणजे ६५ अंशांनी निघतो. आणखी खाली अडवलीत की आणखी उभा जाणार. पट्टी अगदी उभी होऊन थांबली तर चेंडू आडवा सुटेल, आणि त्याही पुढे गेली तर जमिनीवर आपटेल. पहिल्या दिवशी तुमचं हेच होत होतं.

म्हणून काडी वर न्या. कोनमापक लावून पट्टी ४५ ते ५० अंशांवर अडवा.

धागाकर्ती
अरे देवा. म्हणजे आम्ही दोन दिवस नेमकं उलट करत होतो. लेकीला दाखवलं तर म्हणते, "मी म्हटलं होतं." (म्हटलं नव्हतं.)

पण एक शंका. एकाच जागी काडी असताना चेंडू कधी ९५ वर तर कधी १६० वर, हे का?

लंबक
दोन कारणं दिसतात, आणि पहिलं वरच्या कोनाशीच जोडलेलं आहे. हवा सोडून दिली तर अंतर हे चेंडू निघण्याच्या कोनाच्या दुपटीच्या साइनवर (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) ठरतं. ४५ अंशांजवळ पाच अंश इकडेतिकडे झाले तरी अंतर दीडेक टक्क्याने बदलतं. पण ६५ चे ७० झाले की सोळा टक्के जातात! तुमची काडी दोऱ्याने बांधलेली असेल तर प्रत्येक दणक्याला ती थोडी सरकतच असणार. तिला भोक पाडून खिळ्याने बसवा, आणि फळी टेबलाला शिकंजाने आवळा, नाहीतर पट्टी आपटली की सगळं यंत्र उडी मारतं.

दुसरं कारण वेग. अंतर वेगाच्या वर्गावर जातं, म्हणजे वेगात पाच टक्के फरक पडला की अंतरात सुमारे दहा. पट्टी रोज बोटाच्या अंदाजाने ओढत असाल तर हा फरक सहज पडतो. मागे एक खूण करा आणि दोऱ्याचा फास अडकवून प्रत्येक वेळी तिथूनच सोडा. बोटाने सोडताना पट्टी नकळत ढकलली जाते.

रबराबद्दलही सांगतो. नवा रबर पहिल्या काही ताणांत थोडा सैल पडतो, आणि ताणून तसाच ठेवला तर आणखी. म्हणून आधीच्या पाच-सहा फेकी मोजायच्याच नाहीत, आणि यंत्र रात्रभर ताणून ठेवायचं नाही.

सहज
प्रकल्प मुलीचा आहे की आईचा? 🙂

धागाकर्ती
करवत तिच्या हातात असते, टाइप मी करते. चालेल?

करवत
चालेल हो. मात्र उडवताना समोर कुणी उभं राहायचं नाही आणि डोळ्याला चष्मा हवाच. काडी तुटून उडाली की ती चेंडूपेक्षा वाईट.

चेंडूबद्दल एक. पिंगपाँगचा चेंडू ४० मिमी रुंद पण फक्त २.७ ग्रॅमचा, त्यामुळे हवा त्याला चांगलीच अडवते आणि वहीतलं गणित जुळत नाही. क्लेची लहान गोळी घ्या. हलकी वस्तू जास्त लांब जाते असं मुलांना वाटतं, पण रबराची बरीच ऊर्जा पट्टी फिरवण्यातच जाते. म्हणून चेंडू निम्म्या वजनाचा केला तरी वेग थोडाच वाढतो, आणि वरून हवा तो खाऊन टाकते.

लंबक
आलेखासाठी कोनच घ्या. ३०, ४०, ५०, ६०, ७० अशा पाच जागा, प्रत्येकी पाच फेकी. बाकी काहीही हलवायचं नाही. जमिनीवर कार्बन पेपर पसरा, गोळी पडली की खूण आपोआप उमटते. डोळ्याने "इथे पडला वाटतं" करत बसू नका.

आणि एक गंमत, जमली तर करा. तुमचा पहिल्या दिवसाचा 'बिघाड' वेग मोजायला कामाचा आहे. पट्टी बरोबर उभी अडवा आणि यंत्र टेबलावर ठेवा. चेंडू आडवा सुटेल. सुटण्याची जागा जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर त्याला खाली यायला ०.४५ सेकंद लागतात, जोर कितीही असो. तो १.८ मीटर पुढे पडला तर वेग १.८ भागिले ०.४५, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. दोन मीटर गाठायला ४५ अंशांवर साधारण ४.४ लागतो. आता रबर वाढवायचा की नाही ते हा आकडाच सांगेल.

सहज
प्रस्तावनेत इतिहास लिहिणार असाल तर तुमच्या यंत्राला ट्रेबुशे म्हणू नका, मुलं हमखास घोटाळा करतात. ट्रेबुशेत ताण नसतो, एका टोकाचं जड वजन खाली पडतं आणि दुसरं टोक वर जातं. १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यापुढे इंग्रजांनी उभारलेला 'वॉरवुल्फ' तसा होता. ताणावर चालणारी यंत्रं त्याच्या कितीतरी आधीची. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक नगराचा सत्ताधीश डायोनिसियस याने इ. स. पूर्व ३९९ मध्ये कारागीर गोळा करून ती बनवून घेतली होती. (टोमणा मारल्याची भरपाई.)

धागाकर्ती
तीन दिवसांनी आले. काडी खिळ्याने बसवली, फास केला, क्लेची गोळी घेतली. वेग मोजला तो ४.१ आला, म्हणून तिसरा रबर लावला. आता पट्टी ४५ अंशांवर अडवून दहा फेकींत सर्वांत जवळ १९२, सर्वांत लांब २११! आलेखात मधे टेकडी दिसते, आणि दोन्ही बाजूंना उतार. लेकीने ४० आणि ५० चे आकडे जवळपास सारखे आलेले बघून मोजणीत चूक झाली म्हणून परत वीस वेळा उडवलं, मग पटलं.

नवा त्रास: गोळी टबात पडते, पण तळावर आपटून दोनदा बाहेर आली.

करवत
तळाशी ओलं फडकं अंथरा. नाहीतर काडी जराशी खाली घेऊन गोळी थोडी उभी येऊ द्या. सपाट आलेली कडेला आपटते, उभी आलेली आत पडते. पण मग अंतर घटेल, टबाकडे बघून रबर पुन्हा जुळवावे लागतील.

धागाकर्ती
फडक्याबद्दल नियमात काहीच लिहिलेलं नाही. उद्या बाईंना विचारून येते म्हणाली. नाहीच म्हणाल्या तर काडी खाली.