मदत हवी आहे: रात्री मळ्यात न्यायला थर्मासमधून गरम काय देऊ? (चहा सोडून)

द्राक्षसून

नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यातून लिहितेय. आमच्याकडची थंडी तुम्ही पेपरात वाचत असालच, डिसेंबर-जानेवारीत रोज आमचाच पारा छापून येतो. द्राक्षबाग आहे, आणि मोटारीला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसाची तर काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे रात्रपाळी आली की आमचे हे आणि नाना (सासरे) दोघं पाणी भरायला मळ्यात जातात. पारा फारच उतरला तर पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. म्हणजे साधारण अकराला गेलेली माणसं उजाडल्यावरच घरी.

बरोबर काय नेतात तर चहा. एक मोठा थर्मास, गोडमिट्ट. नानांना शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, ह्यांना पित्त होतं, सकाळी दोघांची तोंडं बघवत नाहीत. मला चहाच्या जागी काहीतरी गरम द्यायचंय जे थर्मासमध्ये चार-पाच तास टिकेल, घोट घोट पिता येईल, आणि करायला सोपं पाहिजे कारण रात्री साडेदहाला स्वयंपाकघर आवरल्यावर मी काय पंचपक्वान्नं करणार नाहीये. मिक्सरचा पण भरवसा नाही, घरातली लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पाकिटातलं सूप आणून दिलं तर नाना म्हणाले ही पेज कुणासाठी केली, आजारी कोणे?

अजून एक, गुळाचा चहा करायला गेलं की दूध फाटतं ते का? माझं माहेर डोंबिवलीचं, तिकडे थंडी म्हणजे पंखा एकवर, त्यामुळे आईला विचारून फार उपयोग नाही :)

सांगोलेकर

हुलग्याचं माडगं! आमच्याकडे थंडीत दुसरं काही सुचतच नाही. हुलगे खमंग भाजायचे, गार करून गिरणीतून जरा भरड दळून आणायचे, डबा भरून ठेवला की महिनाभर बघायला नको. एक लिटर पाण्याला तीन-चार मोठे चमचे पीठ, आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या नाहीतर गुठळ्या होतात, मग उकळत्या पाण्यात सोडून हलवत राहायचं. सुंठ, थोडी बडीशेप, गूळ, वरून किसलेलं खोबरं. हुलगा उष्ण, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, ते खरं की कसं माहीत नाही पण एक वाटी पोटात गेली की पहाटेपर्यंत भूक लागत नाही एवढं नक्की. नानांसाठी गूळ वगळून मीठ, जिरं, लसूण घालून करा, तेही भारी लागतं.

कुडाळची_काकू

हुलगे म्हणजे आमचे कुळीथ. आम्ही त्याचं कढण करतो, पीठ नको नि काय नको. कुळीथ रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकरला भरपूर पाणी घालून मऊ शिजवायचे आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. खाली राहिलेल्या कुळथांची उसळ दुपारी होते, म्हणजे एका कामात दोन पदार्थ. त्या पाण्याला तुपावर लसूण, जिरं, हिंग, दोन कोकमं, मीठ. निफाडात कोकम मिळेल ना गं? नाही मिळालं तर चिंचेचा कोळ किंचित. नारळाचं दूध घालतात तसं मात्र थर्माससाठी करू नकोस, गरम राहून राहून फुटतं आणि रात्रभर ठेवायचीही वस्तू नव्हे ती.

खटपट्या

एवढ्या थंडीत, तेही द्राक्षाच्या गावात, आणि थर्मासमध्ये कुळीथ? थोडीशी ब्रँडी न्या की राव :D

औषधवाला

@खटपट्या, गंमत ठीक आहे पण उघड्यावर थंडीत दारू हे उलटं काम आहे. प्यायल्यावर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. त्यात विहीर, मोटार, अंधार. नको.

ताई, माझं मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे जरा रुक्ष बोलतो. गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून नानांना गुळाचं देऊ नका, शुगरच्या माणसाला दोन्ही सारखंच. थंडीत लोक काढ्यात ज्येष्ठमध सढळ हाताने टाकतात, बीपीच्या पेशंटने तो रोज घेऊ नये, बीपी वाढतं. तयार काढ्याच्या पुड्यांवर पण घटक वाचा, त्यात कधीकधी असतो. बाकी सुंठ, तुळस, दालचिनी, मिरी चिमूट-चिमूट चालेल, ह्यांना पित्त आहे तर मिरी आणि सुंठ कमीच. आणि खारट सूप करताना मीठ हात राखून, लिंबू पिळलं तर कमी मीठ लागतं.

सुगरण_नाहीये_मी

गुळाच्या चहाचं मी सांगते, कारण हा प्रश्न इथे दर थंडीला येतो. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, दुधासोबत उकळला की दूध नासतं. पाण्यात आलं, चहापत्ती, गूळ सगळं उकळून घ्यायचं, गॅस बंद, आणि वेगळं तापवलेलं दूध वरून ओतायचं, परत गॅसवर ठेवायचं नाही बस. पण थर्माससाठी दुधाचं काहीही देऊच नकोस असं माझं मत. थर्मास जुना असेल तर पहाटेपर्यंत ते नुसतं कोमट राहतं आणि कोमट दूध खराब व्हायला वेळ लागत नाही.

मी बिनमिक्सरचं मुगाचं कढण करते. अर्धी वाटी अख्खे मूग कोरडे भाजून, सहा वाट्या पाणी, कुकरला चार-पाच शिट्ट्या, मग रवीने घुसळायचं. हवं तर गाळून घे, मी नाही गाळत. तुपाची जिऱ्याची फोडणी, ठेचलेलं आलं, हळद, मीठ. झालं. घरात तेवढंही करायचा कंटाळा असेल त्या दिवशी रात्रीच्या वरणाचं वरचं पाणी लसणाची फोडणी देऊन ओत थर्मासमध्ये, कोणी ओळखत नाही.

पिंपळगावचा

आम्ही पण द्राक्षवाले. आमची आई बाजरीची राब करते, बाजरी तुमच्या घरात असणारच. पळीभर तुपात दोन चमचे बाजरीचं पीठ खमंग भाजायचं, ओवा चुरडून, पाणी ओतून उकळायचं, मीठ. गोड हवी तर गूळ सुंठ. फक्त एक लक्षात घ्या वहिनी, पिठाचं काहीही थर्मासमध्ये दाट होत जातं, घरी पातळ वाटली पाहिजे एवढी पातळ करा, नाहीतर पहाटे चमच्याने खरवडून काढावी लागते. आणि थर्मास आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं बंद करून ठेवा, ते ओतून देऊन मग उकळतंच सूप गळ्यापर्यंत भरा. अर्धा रिकामा थर्मास लवकर गार होतो. दोन लहान थर्मास असतील तर अजून चांगलं, दुसरा उघडेपर्यंत तो तसाच कढत राहतो.

द्राक्षसून

बाप रे, किती पटापट! सगळ्यांना थँक्यू. मूग घरात होते म्हणून काल रात्री कढणच केलं, लिंबू पिळून, मीठ कमी. ह्यांना आवडलं. नानांनी प्यायलं, आणि सकाळी आल्यावर म्हणाले "वरणाचं पाणी चांगलं होतं, पण चहा कुठंय?" तेव्हा आता तह असा झालाय की एक लहान थर्मास बिनसाखरेच्या गवती चहाचा, आलं घालून, दूध नाही, आणि मोठ्यात कढण किंवा राब आलटून पालटून. बिनसाखरेचा म्हटल्यावर चेहरा पडलाय, पण डॉक्टरांचं नाव पुढे केलं की गप्प बसतात.

हुलगे आजच भाजून ठेवलेत, गिरणीवाला उद्या दळून देतो म्हणालाय. काकू, कोकम माहेरून मागवते.

आता नवीन प्रॉब्लेम. थर्मासला लसणाचा वास बसलाय, साबणाने जात नाहीये, आणि त्यात गवती चहा भरला तर नाना घरच सोडतील. काय करू?

कुडाळची_काकू

चमचाभर खायचा सोडा घाल, कढत पाणी भर आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर राहू दे, सकाळी विसळून उन्हात पालथा घाल. झाकणाची रबराची रिंग काढून वेगळी धू, वास तिथेच लपून बसतो.

पिंपळगावचा

आणि एका थर्मासवर मार्करने "चहा" लिहून ठेवा वहिनी. आमच्याकडे लिहिलंय.