बेलोरा जवळ, तरी विमानाले वेळ जास्त काऊन?

नेरवाला (नेर परसोपंत, जि. यवतमाळ)
राम राम मंडळी. मायले मुंबईले बहिणीकडे पाठवायचं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून तिले रेल्वेच्या पायऱ्या होत नाही. मोबाईलवर पाह्यलं तं नागपूर-मुंबई सरळ अंतर ६८५ किमीच्या आसपास अन् वेळ दीड तासाच्या थोडा वर. आपल्या बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळाहून, अंतर ५४० च, पण वेळ पावणेदोन तास! हे गणित काही जमून नाही राह्यलं. बुढी सारखी विचारते, "मधात उतरावं तं नाही लागत न बापा?"

बडनेऱ्याचा काका
मधात कुठीच उतरावं लागत नाही, मायले सांगा बिनधास्त बस म्हणा.

फरक विमानाचा आहे. नागपूरहून मोठं जेट जाते, ते वर गेलं की ताशी ८०० च्या आसपास धावते. बेलोऱ्याहून एटीआर, पंख्याचं. त्याची धाव ५०० च्या आतबाहेर. आता ६८५ ले ८०० नं भागलं तं तासही भरत नाही, मग दीड तास कायचे? तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं तिथून मुंबईत जागेवर लागलं तिथपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं, सारं त्यात. मुंबईत उतरायले गर्दी असली तं आभाळातच गोल गोल फिरवतात, थेही धरलेलं राह्यते. हिवाळ्यात वर पश्चिमेचं वारं जोरात असते, म्हणून जेटले मुंबईले जाताना वेळ जास्त अन् येताना कमी लागते.

पण भाऊ, तुम्ही आभाळातलीच मिनिटं मोजून राह्यले. नेरहून बेलोरा यवतमाळ रोडवरच, गाडीनं तासभर. नागपूरले जा म्हटलं तं अर्धा दिवस रस्त्यातच. दहा-पंधरा मिनिटांसाठी म्हातारीचे गुडघे कायले कुटता? फक्त बेलोऱ्याचं विमान रोज राहीलच असं नाही, वार पाहूनच तिकीट काढा.

रात्रपाळी
अमरावती-मुंबई रातची गाडी काय वाईट आहे? झोपून जायचं, सकाळी दादर.

बडनेऱ्याचा काका
वाईट नाही न. पण रातच्याला हलत्या डब्यात संडासापर्यंत जाणं त्या गुडघ्यानं जमते का, ते पहा. एटीआरची पायरी ठेंगणी, पाच-सहाच पायठे. तरी तिकीट काढतानाच व्हीलचेअर लिहून ठेवा, पैसे लागत नाही. मुंबईत लहान विमान लांब उभं करतात, तिथून बसनं नेतात, तवा कामी पडते.

नेरवाला
मंग बेलोराच पक्कं. बुढीनं मुगवड्या, आंब्याचं लोणचं अन् खोबऱ्याच्या वाट्या बांधून ठेवल्या. चालते न?

बडनेऱ्याचा काका
मुगवड्या चालते. लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका, बरणीले दोन पन्न्या बांधून. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. वाळलं खोबरं पेट घेते म्हणून विमानात नेऊ देत नाही, ना बॅगेत ना हातात. अन् दोन तास आधी पोहोचा, काउंटर लवकर बंद होते.